गुलाबी फिती

माझं काम सोपं होतं. पुढे चालायचं,
रबाउलहून बोटीने आलेला डेस्मंड
ज्या झाडाकडे हनुवटीने खूण करील
त्याच्या बुंध्याला, छातीच्या उंचीवर,
गुलाबी फीत बांधायची. गाठ एकच, पण पक्की.
दिवसाला बारा किना, दुपारी डब्यातले मासे.

झाडं तो वहीत आकड्यांनी लिहायचा.
मला ती आईकडून माहीत होती:
कुणाच्या सालीने ताप उतरतो,
कुणाच्या ढोलीत धनेशाची मादी
स्वतःला चिखलाने लिंपून घेते
अन् चोचीपुरती फट ठेवते.
मी सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही.

कासियान मामाने कागदावर अंगठा उठवला त्या रात्री
गावात चार पेट्या बिअर आली.
मीही प्यालो. ते लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी काळ्या डोहापाशी पोचलो.
इथे मासालाई राहतात.
भूत नव्हेत, देवही नव्हेत;
ज्या जागेला माणसाने मालक होऊ नये
तिथले मालक. कधी अजगर,
कधी कॅसोवरी, कधी तुमच्या-माझ्यासारखा कुणी,
फक्त तो ओल्या-सुक्या पाचोळ्यावरून चालतो
आणि पान वाजत नाही.
लहानपणी इथून जाताना आम्ही नावं बदलायचो.
मी ‘दगड’ व्हायचो.
डोहात थुंकायचं नाही. हसायचं नाही.
मोठ्याने मोजायचं तर मुळीच नाही.

डेस्मंड मोठ्याने मोजत होता.
एकशे चाळीस. एकशे एक्केचाळीस.

सकाळी डोहाकाठची सगळी झाडं मोकळी.
फिती एकेक करून सापडल्या:
जनरेटरच्या नळीला,
बुलडोझरच्या दातांना, सात,
डेस्मंडच्या बुटात, नाडीसारखी ओवलेली,
आणि स्वयंपाक्याच्या कोंबड्याच्या गळ्यात.
तो बिचारा नवरदेवासारखा अवघडून उभा.

पुन्हा बांधल्या. पुन्हा तेच.
पहारेकरी म्हणाला, कुत्री भुंकलीच नाहीत.
डिझेलमध्ये चिखल निघाला.
नकाशावरची अख्खी नदी मुंग्यांनी खाल्ली.
डेस्मंड आधी हसला, मग शिव्या दिल्या,
मग दिवा चालू ठेवून झोपू लागला.

पाचव्या रात्री मी जागा राहिलो,
बुलडोझरखाली, पोटावर.
चंद्र नव्हता. आले ते
केसांत शेवाळ, अंगभर चुना अन् कोळसा,
पाठीवर कॅसोवरीची पिसं.
किती होते? मी मोजलं नाही.
पाचोळा वाजला नाही.
मी दगड झालो.

मग एकाला खोकला आला.

तो खोकला माझ्या ओळखीचा.
चुलीच्या धुराने भरलेल्या छातीतला,
तीन ठोके, मागून शिट्टीसारखा श्वास:
आमची इमाकुलाटा मावशी,
मामाची सख्खी बहीण,
चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी,
गुडघे धरतात म्हणून
तारोच्या मळ्यापलीकडे कधी न जाणारी.
तिच्या मागे बाकीच्या. एकेकीची चाल मला कळत गेली.
तोंडात हात कोंबून मी हसू दाबलं.
की रडू, कोण जाणे.

पण सगळ्यांत शेवटी जी होती,
सर्वांहून उंच, केसांतून पाणी निथळत असलेली,
ती मला ओळखता आली नाही.
गावातली बाई न् बाई मी ओळखतो.
बाकीच्या गावाकडे वळल्या.
ती डोहाकडे गेली
आणि पाण्याचा आवाज झाला नाही.

सकाळी डेस्मंडने विचारलं, काही पाहिलंस?
मी म्हणालो, मासालाई.
खोटं बोललो का, ते मला अजून ठरवता येत नाही.

त्याची नजर माझ्या हातावर येऊन थांबली.
मग मीही पाहिलं.
मनगटावर गुलाबी फीत.
गाठ एकच, पण पक्की.

सवयीने त्याने कानामागची पेन्सिल काढली,
वही उघडली,
आणि तशीच धरून उभा राहिला.